तीन हजारांतली चाळीस

कोल्हापूर,
दि. ७ ऑक्टोबर २००४

श्री. धैर्यशील सर यांस,

ललिताचा जयभीम. पूर्वी क्लासच्या जिन्यात मी जयभीम घातला की तुम्ही "हां हां, नमस्कार" म्हणत चपला शोधायला लागायचा. आता पत्रातनं घालतेय, तेव्हा चपला शोधायची सोय नाही. बसून घ्या.

आम्ही सगळे बरे आहोत. आबा नोकरीतनं सुटले, कोडोलीच्या घरी ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि वाचलेलं जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवतात. आईचे गुडघे दुखतात, पण तोंड काही दुखत नाही. मी इथं कॉलेजात इंग्रजी शिकवते हे तुम्हाला कुठून तरी कळलेलं दिसतंय. त्याशिवाय का आठ वर्षांनी तुमचं पत्र यायचं? 'प्रा. ललिताताई' ही सुरुवात वाचून मी पाकीट उलटं करून पत्ता पुन्हा बघितला. तुमच्या तोंडून मला माझं एकच नाव माहीत होतं, 'ए कार्डवाली'.

तुमचं म्हणणं असं, की क्लासला दहा वर्षं झाली, दिवाळीत 'तीन हजार कठीण इंग्रजी शब्द' हे तुमचं पुस्तक छापून येणार, त्यात पहिल्या पानावर माझा फोटो हवा आणि फोटोखाली तुमच्या कौतुकाच्या चार ओळी इंग्रजीत हव्यात. "जरा जड शब्द वापरा" असंही लिहिलंय. मी नेट पास झाले ती तुमच्या क्लासमुळं, असं लोकांना कळायला पाहिजे म्हणता.

काय बोलायचं तुम्हाला! सर, तुमची लाज कुठल्या दुकानात गहाण पडलीय काय हो?

तुमच्या क्लासमुळं मी काय शिकले ते एकदा नीट सांगते. शाहूपुरीत टायरच्या दुकानावरची ती खोली. आत बाकडी, बाकड्यांवर बँकेच्या, एमपीएससीच्या, एमबीएच्या परीक्षांना बसणारी चाळीस पोरं. बाहेर जिन्यालगतच्या बोळात एक टेबल, त्या टेबलावर मी. फी माफ, पण त्याबदल्यात कार्डं लिहायची. तुमच्या मेव्हण्याच्या छापखान्यात नावं चुकलेल्या, तारखा चुकलेल्या लग्नपत्रिका गठ्ठ्यानं पडून असायच्या. त्या मधोमध कापायच्या, कोऱ्या बाजूला वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ. दोन वर्षांत तीन हजार शब्द लिहिले मी. मागच्या बाजूला कुणाकुणाची शुभकार्यं असायची. 'आमच्या येथे श्री कृपेकरून' आणि पुढं कात्रीनं कापलेलं.

अर्थ कोण काढायचं? मीच. पहिल्या आठवड्यात तुम्ही ती जाडजूड डिक्शनरी माझ्या टेबलावर आदळलीत आणि म्हणालात, "तू बघ आणि लिही, मला वेळ न्हाय." नंतर मला कळलं की वेळ तुमच्याकडं भरपूर होता, डिक्शनरी तेवढी बघता येत नव्हती. आत जाऊन मात्र तुम्ही पोरांना दम द्यायचा, "डिक्शनरी उघडणारा पोरगा कच्चा समजायचा! तिथं एका शब्दाला धा अर्थ. परीक्षेत एकच लागतोय. कार्ड बघा, कार्ड!" पोरं बिचारी कार्ड बघायची. तुम्हीसुद्धा कार्डच बघायचा, पोरांच्या आधी पाच मिनिटं, मुतारीच्या भिंतीआड उभं राहून. मी बोळात बसायचे, मला सगळं दिसायचं.

त्या पत्रिकांत निळ्या किनारीच्या, मंगल परिणयाच्या, म्हणजे आमच्या लोकांच्या पत्रिका असल्या की तुम्ही त्या बाजूला काढायचा. "ह्या तू घरी ने, पोरांच्या हातात नकोत." मी नेल्या. त्यांवर माझा स्वतःचा संच लिहिला. आज मी जी काय आहे ती त्या निळ्या किनारीमुळं, आणि नंतर कॉलेजच्या वाचनालयात पानामागं पान वाचत बसले त्यामुळं. नुसते शब्द पाठ करून इंग्रजी पान वाचता येत नाही सर, हेही तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शब्द वाक्यात बसलेला बघावा लागतो. तुमच्या पोरांना तीन हजार शब्द यायचे आणि एक उतारा वाचून काढता यायचा नाही. उतारा आला की ती त्यात ओळखीचा शब्द शोधायची, जत्रेत चुकलेलं पोर शोधतात तशी.

शिवानी तुम्हाला आठवते का? कोडोलीची, माझ्याबरोबर एस्टीनं यायची. असू दे. तिचा इथं संबंध नाही.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर शहाण्णवमध्ये मी तुम्हाला म्हटलं होतं, की सर, आज सराव परीक्षा आहे, मीपण पेपर सोडवते. मी शेवटच्या बाकावर बसलेसुद्धा होते. तुम्ही माझ्या हातातला पेपर काढून घेतलात. सगळ्यांसमोर हसून म्हणालात, "तू कशाला ग शब्द पाठ करतीस? तुमच्या लोकांना जागा राखून ठेवलेल्या हायत की! जा, कार्डं लिही." आणि पोरं हसली. नंतर बॅचचा फोटो काढताना तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात. फोटोत मी नाही. मी काढलाय तो.

त्या दिवशी मी काय केलं ते आज तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कौतुकाच्या ओळी मागताय.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. टेबलावर परत आले, कात्री घेतली, कोऱ्या पत्रिका घेतल्या आणि त्या आठवड्यात चाळीस कार्डं खोटी लिहिली. मुद्दाम. डिक्शनरी समोर उघडी ठेवून, बरोबर अर्थ वाचून त्याच्या उलट. बाकड्यांवरच्या प्रत्येक हसणाऱ्यासाठी एक, असा हिशेब होता माझा. अक्षर तेच, मोत्यासारखं, तुम्हीच म्हणायचा. तुम्ही ती कार्डं पेटीत घातली, पोरांनी उतरून घेतली, पुढच्या बॅचनं त्यांच्यावरनं उतरून घेतली. आणि सर, आठ वर्षांत या अख्ख्या कोल्हापुरात एका माणसानं डिक्शनरी उघडून बघितली नाही!

दोन-तीन सांगते, चव घ्या. 'मेंडेशिअस' म्हणजे खोटारडा. कार्डावर मी लिहिलं, दानशूर. 'ऑब्सीक्विअस' म्हणजे लाळघोट्या. मी लिहिलं, पूजनीय. गेल्या गुरुपौर्णिमेला तुमच्या माजी विद्यार्थ्यांनी शाहूपुरीच्या कोपऱ्यावर तुमचा डिजिटल फलक लावला होता, हार घातलेला, बारा फुटी. त्यावर इंग्रजीत 'अवर मेंडेशिअस गुरू' असं लिहिलं होतं. मी रिक्षा थांबवून बघितला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, उतरताय काय?" मी म्हटलं थांबा हो जरा, डोळे भरून बघू द्या. पंधरा दिवस तुम्ही त्या फलकाखालनं गेलात. कुणीतरी तुम्हाला तुमच्या तोंडावर खोटारडा म्हणून हार घातला आणि तुम्ही पेढे वाटलेत.

आणि तुमचा तो सूरज, मागच्या बाकावरचा, सगळ्यात मोठ्यानं हसलेला. तो आता एका सहकारी बँकेत आहे, काकाच्या वशिल्यानं. 'प्लेथोरा' म्हणजे रेलचेल, मी कार्डावर लिहिलं टंचाई. त्यानं मुख्य कचेरीला इंग्रजीत अर्ज केला, आमच्या शाखेत माणसांची प्लेथोरा आहे, काम उरकत नाही, काहीतरी करा. त्यांनी दोन कारकून तिथनं उचलून दुसरीकडं पाठवले. हे मला त्यानंच सांगितलं, लक्ष्मीपुरीत भेटल्यावर, कपाळावर हात मारत. "ललिता, मोठ्या लोकांना इंग्रजी येत न्हाय बघ," म्हणाला. मी म्हटलं, व्हय रे बाबा.

हसले मी सर, कोडोलीला घरी जाऊन पोट धरून हसले. आईला वाटलं मला काहीतरी झालं.

तर छापा तुमचं पुस्तक. चाळीस कुठली ते मी सांगणार नाही. ज्या माणसानं आठ वर्षांत शोधली नाहीत त्याला आता कशाला त्रास? छापा, गावभर वाटा, पुण्याला पाठवा. तुमच्या कौतुकाच्या चार ओळीही मी देते, जड शब्द वापरून, त्या चाळिसांतलेच

*

दि. १२ ऑक्टोबर

पाच दिवस पत्र तसंच टेबलावर पडलं होतं. वरची ओळ अर्धी आहे, ती अर्धीच राहू दे. फाडून नवं लिहिणार होते, पण मग तुम्हाला नुसतं शहाणपण पोचलं असतं. वरचं माझंच आहे, ते तसंच राहू दे.

रविवारी शिवानी आली होती. मी वर लिहिलंय की तिचा इथं संबंध नाही. खोटं लिहिलंय. संबंध तिचाच आहे.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. तुमच्या त्या बॅचमधली ती एकटीच अशी, की मधल्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर बोळात यायची आणि माझ्या टेबलाच्या कडेवर बसून माझ्याबरोबर जेवायची. तुम्ही दोनदा तिला आत बोलावलंत. ती म्हणाली, "हितं वारं लागतंय सर." सगळे हसले त्या दिवशी ती हसली नव्हती. मागं वळून माझ्याकडं बघत होती. चाळीस पोरं मोजताना मी तिला कशाला धरलं, मला सांगता येत नाही.

तिचे आण्णा शेतकरी माणूस, कडक. त्यांनी सांगितलं होतं, बँकेची ऑफिसरची परीक्षा एकदाच द्यायची. झालीस तर नोकरी कर, नाहीतर मलकापूरचं स्थळ तयार आहे. शिवानीला ते स्थळ नको होतं असं नाही, तिला काहीच नको होतं, तिला फक्त ती परीक्षा हवी होती. एस्टीत खिडकीला डोकं टेकून शब्द पुटपुटत यायची. तिचं अक्षर वाईट, तिचं तिलाच लागायचं नाही. म्हणून तिचा संच मी लिहून दिला, पेटीतल्या कार्डांवरनं, सगळा. भाऊबीज म्हण हवं तर, असं मी तिला म्हटलं होतं, आणि ती म्हणाली, "भाऊ कुठला, तू तर माझी बहीण हायस."

ते लिहिताना ती चाळीस कार्डं समोर आली सर. मी थांबले. एकेका कार्डापाशी थांबले. तिच्या संचात बरोबर अर्थ लिहिला असता तर तिनं तो वर्गात तोंडावर सांगितला असता, तुम्ही पेटीतलं कार्ड काढून बघितलं असतं आणि मी सापडले असते. क्लास गेला असता, डिक्शनरी गेली असती. म्हणून मी तिलासुद्धा खोटंच लिहून दिलं. रागात नाही. राग तोवर निवळला होता. भीतीनं दिलं.

परीक्षेहून ती आली तेव्हा एस्टी स्टँडवर मला म्हणाली, इंग्रजी मस्त गेलं ग, तीन शब्द तर थेट कार्डावरचे आले! कुठले विचारलं. एनर्व्हेट, लॅकोनिक, प्लेथोरा. तिन्ही चाळिसांतले. मी तिला म्हटलं, छान झालं की.

दोन मार्कांनी राहिलं तिचं. फेब्रुवारीत लग्न झालं. पत्रिका तुमच्या मेव्हण्याकडंच छापली होती. मी जेवणाला गेले, ताटावर बसले, पोटभर जेवले. तुम्ही पहिल्या रांगेत होता.

परवा ती आली ती पत्र्याची पेटी घेऊन. तीच कार्डं, आठ वर्षं जपून ठेवलेली, शंभरशंभराच्या गड्ड्या करून रबर लावलेली. जानेवारीत तिला तीस पूर्ण होतील. नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला परीक्षा आहे, वयात बसणारी ही शेवटची. सासरी दहा म्हशींचं करून, दोन पोरांचं आवरून अभ्यास करतेय. नवरा भला आहे, त्यानंच फॉर्म आणून दिला. मला म्हणाली, "ललिता, तू विचार, मी सांगतो. पहिल्यासारखं." गावाकडं आम्ही बाया अशाच बोलतो, तुमच्या वर्गात तिला त्यावरनं चिडवायचे.

मी गड्डी घेतली. सहावंच कार्ड, 'लॅकोनिक'. ती डोळे मिटून म्हणाली, "बडबड्या!"

मी म्हटलं, चुकलं, मोजकं बोलणारा.

तिनं डोळे उघडले, कार्ड माझ्या हातनं घेतलं, बघितलं आणि हसली. "बघ की, बडबड्याच हाय. कार्डात चुकीचं कसं असंल? तुझंच अक्षर हाय की."

सर, तुम्ही मला वर्गातनं उठवलंत ते मी आठ वर्षं उगाळलं. पण या एका वाक्यापुढं तुमचं ते बोलणं काहीच नाही. तुम्ही मला हलकं समजलात, ती तुमची अक्कल. हिनं मला खरं समजलं होतं.

मी सांगितलं तिला. सगळं, वर तुम्हाला लिहिलंय तसंच, फक्त हसणं सोडून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडच्या बायका ओरडतात, शिव्या देतात, दार आपटून जातात आणि चार दिवसांनी भाजी घेऊन येतात. हिनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "त्या पेपरात तीन आलती न्हवं?"

"तीन."

"आणि दोनानं राहिलं माझं."

मी हातातली गड्डी खाली ठेवली.

"काढ चाळीस," म्हणाली.

मी जमिनीवर बसून पेटीतनं काढली. मला शोधावी लागली नाहीत, एकेक पाठ होतं. तिच्यासमोर ठेवली. मग कपाटातनं माझा निळ्या किनारीचा संच आणला, त्यातली तीच चाळीस काढून दिली. तिनं घेतली नाहीत. म्हणाली, "आधी डिक्शनरी दे." चष्मा लावून एकेक शब्द तिनं डिक्शनरीत बघितला, माझं कार्ड त्याच्याशेजारी धरून. तासभर. मी समोर बसून होते आणि ती माझं अक्षर तपासत होती. चाळीस झाल्यावर ती निळ्या किनारीची कार्डं तिनं पेटीत घातली आणि डिक्शनरी पिशवीत घातली.

मी म्हटलं, अग बाकीची बरोबर आहेत, शपथ.

"असतील की," म्हणाली. "पण आता सगळीच बघायला लागणार. सहा आठवडे हायत." दोन हजार नऊशे साठ. म्हशींचं करून.

चहा ठेवला होता, तो न पिता गेली. मी एस्टीपर्यंत पेटी उचलते म्हटलं तर नको म्हणाली.

आता तुमचं. सोबत चाळीस शब्दांची यादी जोडली आहे, बरोबर अर्थासह. पुस्तकात दुरुस्त करून घ्या. तुमची दया येऊन देत नाही. ते पुस्तक घेऊन कुठल्यातरी गावची शिवानी एस्टीत पुटपुटत बसेल, तिच्यासाठी देतेय. दुरुस्त न करता छापलंत तर मी वर्तमानपत्रात माझ्या नावानं सगळं लिहीन, माझ्या पापासकट. त्यात मुतारीची भिंतही येईल. माझा फोटो छापायचा नाही. कार्डं लिहिणारीचं नाव मात्र पुस्तकात घालायचं, पहिल्या पानावर, कारण चुकांना मालक लागतो.

ती डिक्शनरी तुमची होती. शहाण्णवला क्लास सोडताना मी ती घेऊन आले, तुम्हाला आठ वर्षांत तिची आठवण झाली नाही. आता ती मलकापूरला शिवानीकडं आहे. परत हवी असेल तर तिच्या दारात जाऊन मागा, आणि एकवीस नोव्हेंबरच्या आधी मागू नका.

कौतुकाच्या ओळी मागितल्या होत्या. फलकावरचा शब्द मी तुमच्यासाठी केला होता, तो तुम्हाला शोभला. त्यापेक्षा जास्त मलाच शोभतो, म्हणून सहीत वापरते. अर्थ कार्डावर बघू नका.

तुमची मेंडेशिअस विद्यार्थिनी,
ललिता